तक्रारीमागे दोन फळ्या

लवंगीच्या तोंडाला दार नव्हतं. नुसती चौकट होती, आणि तीही सदा उघडी. घरात हे सगळ्यांना तोंडी मान्य होतं, शाळेत तर लेखी होतं. 'बोलण्यावर ताबा हवा' हे वाक्य तिच्या प्रगतिपुस्तकात सलग चार वर्षं एकाच अक्षरात आलं होतं. लवंगीचं त्यावर म्हणणं असं, की ज्या बाईंना चार वर्षांत दुसरं वाक्य सुचलं नाही त्यांनी इतरांच्या बोलण्यात लक्ष घालू नये.

लवंगी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. ते तिने स्वतःच घेतलं होतं, 'फुटकं गलबत' नावाच्या खेळापुरतं. हा खेळ इंटरनेटवर चौघांनी मिळून खेळायचा. चार गावांतली चार माणसं, एकमेकांची तोंडंही न बघितलेली, एका गलबतावर चढतात. एक सुकाणू धरतो, एक तोफ सांभाळतो, एक डोलकाठीवर चढून टेहळणी करतो आणि एक तळाशी बसून भोकांवर फळ्या ठोकतो. कारण गलबत पहिल्या क्षणापासूनच गळकं असतं, तीच तर गंमत. समोरून दुसऱ्या चौघांचं असलंच गळकं गलबत येतं. जे आधी बुडेल ते हरलं.

सुकाणू अर्थातच लवंगीकडे होतं. तोफेवर कासव, डोलकाठीवर मांजा, तळाशी भोपळा. संध्याकाळी सहा ते सात ही वेळ आईने ठरवून दिलेली, आणि आईच्या घड्याळावर अपील चालत नसे. सहा महिने रोज तो एक तास हे तिघं लवंगीच्या कानात असायचे. पण ते कोण, काय करतात, कसे आहेत, हे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे आपल्या बोलण्यात फट ठेवावी लागते.

"भोपळ्या, ठोंब्या, डावीकडचं भोक दिसत नाही का, की डोळ्यांच्या जागी पण बिया आहेत तुझ्या? कासवा, उडव ना, तोफेला आंघोळ घालतोयस का? मांजा, वर काय झोका घ्यायला चढलीयस? गाढवांचा तांडा आहे नुसता, एकाला झाकावं आणि..."

असं साधारण एक तास. मध्ये श्वास.

आणि तरी हे चौघं जिंकत होते, ही लवंगीच्या दृष्टीने मुद्द्याची गोष्ट. मोठ्या स्पर्धेत चारशे बारा गलबतं उतरली होती, त्यांतली सोळा उरली होती आणि त्या सोळांत ह्यांचं एक होतं. रविवारी चार वाजता पुढची लढत. ती सगळ्यांना बघता येणार होती, आणि लवंगीने ती 'सगळ्यांना' ह्या शब्दाला जागून सांगितली होती. आख्खा वर्ग, वर्गाची धाकटी भावंडं, प्रयोगशाळेतले सर, शाळेसमोरचा झेरॉक्सवाला. आता रविवारी ती पडद्यावर दिसली नसती तर सोमवारी शाळेत जायला तिला बुरखाच लागला असता.

बुधवारी सहा वाजता तिने खेळ उघडला तर समोर एक निळी चौकट.

'प्रिय लवंगी, मासिक तपासणीत आपला सौजन्यांक एकोणचाळीस आढळला आहे. पन्नासच्या खाली गेल्यामुळे आपला आवाज आणि लिहिण्याची सोय बंद करण्यात येत आहे, तसेच आपल्याला स्पर्धेत भाग घेता येणार नाही. सौजन्यांक पुन्हा पन्नास झाला की सर्व सोयी आपोआप सुरू होतील. गेल्या तीस दिवसांतील तक्रारी: एकसष्ट. पैकी आपल्याच गलबतावरून: चोपन्न.'

लवंगीने ते तीनदा वाचलं. सात तक्रारी शत्रूंच्या, ते ठीक. शत्रूंना काय कळतं. खरं तर शत्रूंनी आणखी करायला हरकत नव्हती. पण चोपन्न?

प्रत्येक सफर संपली की पडद्यावर प्रत्येक माणसापुढे दोन बटणं येतात, 'आभार' आणि 'तक्रार'; हवं तर दोन्ही दाबता येतात. आभाराने त्या माणसाचा अंक एकाने वाढतो, तक्रारीने एकाने उतरतो. शिवाय तक्रार करणाऱ्याला, झालेल्या मनस्तापाची भरपाई म्हणून, दोन फळ्या मिळतात. त्या गलबताच्या कोठारात जमा होतात आणि पुढच्या सफरींना चालतात. लवंगीने आयुष्यात त्यांतलं एकही बटण दाबलं नव्हतं. तेवढ्या वेळात तिचं बोलून व्हायचं.

तिने फोन उचलला. फोनवर चौघांचा गट होता.

"कोणी केल्या तक्रारी?" तिने लिहिलं.

मग कासवाचं उत्तर आलं, त्याच्या तोफेसारखंच सावकाश. "मी केल्यात. एकोणीस. मला वाटलं तुला एखादी सौम्य सूचना जाईल."

"तू पण?" मांजाने लिहिलं. "मला वाटलं मी एकटीच. माझ्या पण एकोणीस असतील."

"माझ्या सोळाच," भोपळा म्हणाला. "पण मग कोठारात एवढ्या फळ्या कशा, ते आता कळलं. मला वाटायचं खेळवाले दिलदार आहेत."

लवंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तिघांनी एकमेकांपासून चोरून, एकेकट्याने, सज्जनपणे तिची तक्रार केली होती, आणि तिघं मिळून आपल्याच सुकाणूवालीला चार दिवसांवर लढत असताना मुकी करून बसली होती. असली कामगिरी शत्रूला सात जन्मांत जमली नसती.

"तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं," कासवाने लिहिलं. "बऱ्याचदा. तू बोलत होतीस."

"एक मात्र आहे," भोपळ्याने लिहिलं. "एकशे आठ फळ्या झाल्या की. आपलं गलबत महिनाभर तुझ्या शिव्यांवर तरंगत होतं, लवंगी. खोटं कशाला बोलू."

"मग आता आभार दाबा. तिघं. चार सफरींत बारा होतात, मला अकरा हवेत."

"आभार मानण्यासारखं काही केलंस तर दाबीन," कासव म्हणाला.

"फोनवरून बोलते ना मग खेळताना."

"फोनला तक्रारीचं बटण नाही," मांजाने लिहिलं, आणि तो विषय संपला.

गुरुवारी लवंगी मुकी खेळली. सुकाणूवाल्याकडे आवाजाशिवाय एकच गोष्ट असते, सुकाणूच्या बाजूला टांगलेली पितळी घंटा. लवंगीने ती अशी बडवली की दुसऱ्या गलबताने आग लागली समजून पळ काढला आणि मग परत येऊन ह्यांना बुडवलं.

"ही घंटेतूनही शिव्या देते," कासव म्हणाला.

"मला तर शब्दसुद्धा कळले," भोपळा म्हणाला.

आभार शून्य.

पण कानांवरचा माइक मेलेला असला म्हणून लवंगीचं तोंड थोडंच मेलं होतं. घंटा बडवता बडवता ती खोलीत बसून मनसोक्त बोलत होती. तिघांच्याही मेंदूंची वजनं सांगून झाली होती. ह्याच खोलीत आत्याचाही पलंग होता. आत्या कामावरून पाचला यायची, कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची आणि डोळे मिटायची. दहा मजल्यांच्या, वीस मजल्यांच्या इमारती बांधतात तिथल्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये ती दिवसभर एकटी बसे. खाली दिसतात ती माणसं मुंग्यांएवढी, आणि कधी तीही दिसत नाहीत.

"कोणाशी बोलतेस?" आत्याने डोळे न उघडता विचारलं.

"कोणाशीच नाही. बंद आहे ते."

"मग बोल. मीही बोलते."

"कुठे?"

"वर. माझ्या वॉकीटॉकीला बटण असतं. ते दाबलेलं नसलं की खालच्या इशारेवाल्याच्या मी सात पिढ्या काढते. कंत्राटदाराच्या तर नऊ. बटण दाबलं की फक्त माल."

"फक्त माल म्हणजे?"

"म्हणजे मालाबद्दल. गप आता, पाणी गार होतंय."

लवंगीला ह्यात काही विशेष वाटलं नाही. आत्या असं काहीतरी बोलतच असते.

शुक्रवारी तिचा घसा बसला. शाळेत वादविवादाची फेरी होती, ती जिंकली, आणि घरी आली तेव्हा आवाजाच्या नावाने खरखर उरली होती. त्यामुळे त्या दिवशी सफरीत ती माइकमध्येही मुकी आणि खोलीतही मुकी. आणि गंमत म्हणजे, कान चालू होते.

"उजवीकडे दोन," कोणीतरी अगदी हळू म्हणालं.

लवंगी दचकली. ही मांजा होती. सहा महिने डोलकाठीवर बसून ही असं बोलत होती? इतकं हळू? आणि दोन काय? तेवढ्यात उजवीकडच्या धुक्यातून दोन खडक निघाले. लवंगीने सुकाणू वळवलं. गलबत दोन्हींच्या मधून सुळकन निघालं, जणू तेल लावलं होतं.

"अरे," मांजा म्हणाली. "ऐकलं हिने."

"योगायोग असेल," कासव म्हणाला, आणि मग पुटपुटू लागला, "एक, दोन, तीन, चार..."

हेही तिने पहिल्यांदाच ऐकलं. तोफ भरायला सात मोजावे लागतात. कासव सहा महिने मोजत होता आणि लवंगी सहा महिने पाचाला गलबत वळवत होती, आणि गोळा समुद्रात गेला की त्यालाच विचारत होती, की डोळे गहाण टाकलेत का.

तळाकडून भोपळ्याचा आवाज यायचा तो तर निराळाच. "नको बाळा, ते नको दाबू. ही फळी. बघ, टकटक. नको, बाबाचा चष्मा नको." मग काहीतरी पडल्याचा आवाज, मग हातोडी, मग कोणीतरी खिदळलं.

सफरीनंतर फोनवर तिने विचारलं, "भोपळ्या, मांडीवर कोण आहे?"

"मुलगी. दोन वर्षांची. मी बेकरीत असतो, पहाटे भट्टी लागते, दुपारी सुटतो. बायको संध्याकाळी कामावर. मग हिला घेऊन बसतो. एका हाताने ठोकतो म्हणून वेळ लागतो जरा."

"वय काय तुझं?"

"चौतीस."

चौतीस वर्षांच्या बाप्याला ती सहा महिने ठोंब्या म्हणत होती. भीतभीतच तिने मांजालाही विचारलं. मांजा ग्रंथालयात कामाला होती, आवाज चढवायची सवयच राहिली नव्हती. कासवाला तिने विचारलं नाही. त्याचं वय निघालं असतं अडुसष्ट, आणि मग सगळंच अवघड झालं असतं.

त्या दिवशी दोन आभार आले. मांजाचा आणि भोपळ्याचा. एकेचाळीस.

शनिवारी सकाळी कपाट उतरवायचं होतं. घरातलं जुनं लोखंडी कपाट तळमजल्यावरच्या शिंप्याला हवं होतं, आणि जिन्याचं वळण इतकं अरुंद की कपाट त्यातून जायचं तर आधी त्याला घडी घालावी लागली असती. मग आत्याने गच्चीवर कप्पी बांधली, दोर ओवला, एक टोक कपाटाला आणि दुसरं स्वतःकडे आणि बाबांकडे. कठड्याच्या आडून तिला खालचं काही दिसणार नव्हतं.

"तू खाली उभी राहा," आत्याने लवंगीला सांगितलं. "माझे डोळे तू. खाली आणायचं असेल तोवर 'खाली, खाली, खाली' म्हणत राहायचं. तू गप्प झालीस की मी थांबणार. दुसरं काहीही म्हणालीस तरी थांबणार."

"सारखं सारखं कशाला म्हणायचं? एकदा सांगितलं की कळत नाही का?"

"तू घेरी येऊन पडलीस तर मला वरून कसं कळणार? आवाज आहे म्हणजे माणूस आहे. आवाज थांबला, हात थांबला. चल पळ."

लवंगी खाली गेली. "खाली, खाली, खाली." कपाट हवेत डुलत उतरू लागलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीशी आलं तेवढ्यात शिंपी, गळ्यात टेप, कपाटाचा आरसा शाबूत आहे का ते बघायला नेमका त्याच्या खाली येऊन उभा राहिला.

"अहो काका, डोक्यावर घ्यायचंय का? सरका ना, माणूस आहात की शिवणयंत्र, कळत कसं नाही, वरून काय लोणी येतंय का..."

कपाट थांबलं. पहिल्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर खिडकीत दाढी करत होते. त्यांच्या पूर्ण खिडकीत आता कपाट होतं, आणि कपाटाच्या आरशात त्यांचा अर्धा साबण लावलेला चेहरा. ते तिकडेच बघून उरलेला अर्धा गाल उरकू लागले.

शिंपी बाजूला झाला होता. "आत्या, झालं, चल," लवंगी ओरडली. कपाट हललं नाही. "अगं चल ना, हात सुजलेत का?" कपाट तसंच. "आत्या, झोपलीस का?"

वरून काहीच नाही. बाबांचं धापा टाकणं तेवढं ऐकू येत होतं.

लवंगीने डोळे मिटले, दहा नावं गिळली आणि म्हणाली, "खाली, खाली, खाली."

कपाट लगेच निघालं. पोस्टमास्तरांनी आरशाला हात केला.

"मला ऐकू येत होतं सगळं," नंतर आत्या म्हणाली. बाबा जमिनीवर आडवे झाले होते आणि दोराने सोललेले तळवे फुंकत होते. "पण तू शिंप्याशी बोलत होतीस की माझ्याशी, हे वरून कसं कळावं? सगळ्यांना शिव्या सारख्याच. कोणाला काय करायचंय, ते त्यात नसतंच."

"मी एवढी पाच मिनिटं हे धरून होतो," बाबा म्हणाले.

"तुझं काही नाही, दादा, तू माल आहेस."

"आणि इशारेवाल्याने सांगितलं तर तू वरून काय म्हणतेस?" लवंगीने विचारलं.

"काय म्हणणार? 'ऐकलं'. बस. तेवढं नाही म्हटलं तर तो पुढचं सांगत नाही. त्याला वाटतं मी मेले."

लवंगीने त्या दुपारी गटावर लिहिलं. "आजपासून मी एकदा घंटा वाजवली की समजायचं, ऐकलं. जास्त वाजणार नाही. मला सांगायचं असेल तर आधी माझं नाव घ्या, म्हणजे मला कळेल की माझ्याशी बोलताय."

"आणि शिव्या?" कासवाने विचारलं.

"त्या खोलीत देते. माइक बंद आहे."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "चालेल."

शनिवारच्या तीन सफरी झाल्या त्या बघायला कोणी प्रेक्षक नव्हता ही खरं म्हणजे जगाची चूक. "लवंगी, डावीकडे एक," मांजा हळूच म्हणायची. टण. "लवंगी, पाच झाले, धर तसंच," कासव म्हणायचा. टण. आणि लवंगी दातओठ खात सहा आणि सात होईपर्यंत सुकाणू धरून राहायची. सात मोजणं किती लांबलचक असतं हे तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल. पण मग गोळा निघायचा आणि समोरच्याच्या पोटातून आरपार जायचा. भोपळा खालून ओरडायचा, "कासवा, ही फळी तुझ्या नावाने ठोकतो बघ." मग हळूहळू सगळेच एकमेकांना 'ऐकलं' म्हणू लागले. मांजा कासवाला, कासव भोपळ्याला. भोपळा मांडीवरच्या मुलीलाही म्हणायचा. ती दुधाची बाटली मागे तेव्हा.

मधल्या वेळात लवंगी मेलेल्या माइकमध्ये जे काय बोलायची, ते फक्त आत्याला आणि बादलीला माहीत.

तीन सफरी, तिन्ही जिंकल्या, आठ आभार. पहिल्या सफरीनंतर कासवाने दाबला नव्हता. "सवय," तो म्हणाला. एकोणपन्नास.

रविवारी तीन वाजता नावनोंदणी बंद होणार होती. एक आभार हवा होता, बास. लवंगीने आईकडून दुपारची अर्धा तास सवलत मिळवली, त्या बदल्यात आठवडाभर भांडी, आणि अडीचला चौघं गलबतावर चढले. कोठारात फळ्या जवळजवळ संपल्या होत्या. कोणी तक्रारच करत नव्हतं, येणार कुठून? उरलेल्या सगळ्या भोपळ्याने तळाला ठोकून टाकल्या.

सफर देखणी चालली होती. टण, टण. समोरचं गलबत कलू लागलं होतं. कासव सहाला पोचला होता.

आणि ह्यांच्याच गलबताच्या तळातून एकदम बारा फळ्या निघाल्या.

बारा. एकसाथ. 'सर्व फळ्या काढा' असं एक लाल बटण असतं. ते कशासाठी ठेवलंय हे खेळ बनवणाऱ्यालाच ठाऊक. पाणी कारंज्यासारखं वर आलं. लवंगीने सुकाणू सोडलं नाही. पाणी कमरेला लागलं तेव्हा "लवंगी, गेलं सगळं," असं भोपळा म्हणाला, आणि तिने घंटा वाजवली. एकदाच. ऐकलं.

मग गलबत बुडालं, पडदा काळा झाला, आणि लवंगीने खुर्चीवर मागे टेकून, डोळे मिटून, दाराची चौकटसुद्धा काढून टाकली.

"अरे ठोंब्या, ठोंब्यांच्या राजा, बोटं आहेत की फावडी? एक बटण, आख्ख्या खेळात एक बटण दाबायचं नसतं, ते शोधून दाबलंस? भोपळ्या, तुझ्या डोक्यात बियासुद्धा नाहीत, नुसती हवा आहे, फुंकर मारली तर कानातून शिट्टी वाजेल, ठोंब्या, माठ, मडकं..."

पडद्यावर तेवढ्यात बटणं आली होती. कोपऱ्यातला आकडा एकोणपन्नासचा पन्नास झाला, मग एक्कावन्न, मग बावन्न. पन्नास होताच माइकच्या चिन्हावरची लाल रेघ गेली आणि ते हिरवं झालं, आपोआप, बुधवारच्या चौकटीत लिहिल्याप्रमाणे. लवंगीचे डोळे मिटलेलेच होते. ती फावड्यांवरून मडक्याकडे निघाली होती.

श्वास घ्यायला ती थांबली तेव्हा कानात इतकी शांतता होती की तिला स्वतःचं गिळणं ऐकू आलं. तिने डोळे उघडले. हिरवं.

"लवंगी," कासव म्हणाला, "आवाज येतोय तुझा."

"कधीपासून?"

"'बियासुद्धा नाहीत' पासून."

"'फावडी' पासून," मांजा म्हणाली. "मी पहिला दाबला, तेव्हाच सुरू झाला."

लवंगीपुरतं गलबत दुसऱ्यांदा बुडालं. तिघांनी आभार मानले होते. गलबत बुडल्यावर, हरल्यावर, तिघांनीही, कासवानेसुद्धा. आणि तिने त्याची पोच ही अशी दिली होती. पलंगावरून आत्याने एक डोळा उघडला. "बटण आधी बघायचं असतं," ती म्हणाली आणि डोळा मिटला.

"सॉरी," लवंगी म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडात इतका नवा होता की कुठल्या दाताखालून काढावा तेच कळेना. "म्हणजे मला वाटलं बंद आहे. म्हणजे बंद असतं तरी... नाही. राग आला मला, आला तर आला. पण तो तुमच्या कानात ओतायचा नव्हता. भोपळेकाका, सॉरी."

"काका म्हणालीस तर तक्रार करीन," भोपळा म्हणाला. "आणि बटण मी नाही दाबलं, हिने दाबलं."

"मग तिला पण सॉरी."

तेवढ्यात एक छोटासा आवाज, अगदी स्वच्छ, अगदी खुश:

"ठोंब्या."



"ही अजून 'बाबा' म्हणत नाही," भोपळा हळूच म्हणाला. "सात महिने वाट बघतोय मी."

मांजा पहिल्यांदा फुटली. ग्रंथालयात काम करणारं माणूस हसतं तेव्हा शिट्टीसारखं हसतं. मग भोपळा. कासव सावकाश, सात मोजून.

"पण चारला खेळायचं कसं?" हसू ओसरल्यावर भोपळा म्हणाला. "कोठारात एक फळी नाही. हातांनी भोकं बुजवू?"

कासवाने घसा खाकरला. "बावन्न आहेत," तो म्हणाला. "पन्नास लागतात."

लवंगीला कळायला एक क्षण लागला. आणि कळलं तेव्हा तिला आधी राग आला, मग तो राग येऊन मावळेपर्यंत तिने सात मोजले.

"दोघांनीच करा," ती म्हणाली. "तिसऱ्याने केली तर माझ्याशी गाठ आहे."

"माझ्या एकोणीस झाल्यात," कासव म्हणाला. "मला पुरे."

"कशाबद्दल लिहू?" मांजाने विचारलं. "रकाना आहे इथे."

"फावडी लिही. भोपळ्या, तू मडकं घे."

बावन्नचे एक्कावन्न झाले, एक्कावन्नचे पन्नास. कोठारात चार फळ्या आल्या. तीन वाजायला सहा मिनिटं कमी असताना लवंगीचं नाव यादीत चढलं.

चार वाजता आख्खा वर्ग, प्रयोगशाळेतले सर आणि झेरॉक्सवाला बघायला बसले होते, आणि दाराशी आई, फक्त घड्याळ घेऊन. आत्याने खुर्ची लवंगीच्या मागे ओढली.

"बटण दाबलंय?"

"दाबलंय."

"मग माल."

गलबत पाण्यात उतरलं. समोर धुकं. लवंगीच्या जिभेवर शंभर गोष्टी रांग लावून उभ्या होत्या आणि पहिल्या दहा तर फारच छान होत्या.

"मांजा, वर तयार?" ती म्हणाली आणि तोंड मिटलं.

"ऐकलं. तयार."

"कासवा?"

एक, दोन, तीन. ती थांबली. "ऐकलं," कासव म्हणाला.

"भोपळ्या, चारच फळ्या आहेत. डावीकडचं भोक आधी."

"ऐकलं," भोपळा म्हणाला. आणि त्याच्या मांडीवरून, आख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं, कोणीतरी म्हणालं, "ठोंब्या."

लवंगीने घंटा वाजवली. एकदाच.